उत्तर: ओक रिज बॉइजचे ‘मूळ’ सदस्य नेमके कोणते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओक रिज बॉइज या अमेरिकेतल्या चौघा गायकांच्या ग्रुपच्या नावापुढे १९४३ साल लावतात, पण जुन्या व्हिडिओतल्या चौघांपैकी कोणीच तेव्हा गात नव्हतं. लांब दाढीवाले गृहस्थ मधली काही वर्षं दिसतच नाहीत, आणि अलीकडच्या कार्यक्रमांत टेनरच्या (सर्वांत उंच आवाजाच्या गायकाच्या) जागी एक तरुण मुलगा उभा आहे. मग खरा ग्रुप म्हणायचा कोणता?

माझं मत आधीच सांगून टाकतो. १९४३ चे लोक आणि ‘एल्व्हायरा’ हे गाजलेलं गाणं गाणारे लोक यांचं नातं नावापुरतंच. आपण ज्याला ओक रिज बॉइज म्हणून ओळखतो तो ग्रुप १९७३ साली जमला. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत ‘मूळ संचात’ असं छापतात ना, तसं यांच्या बाबतीत छापायचं झालं तर १९७३ च्या चौघांनाच ते लागू होतं. अर्थात त्याआधीच्या तीस वर्षांत जे झालं त्यातही मजा आहे, कारण तिथे नाव हीच मालमत्ता होती.

वॉली फाउलर हा टेनेसीतल्या नॉक्सव्हिल भागातला गायक आणि त्याहून जास्त संयोजक. त्याच्या ग्रुपचं पहिलं नाव जॉर्जिया क्लॉडहॉपर्स. जवळच ओक रिज होतं. युद्धकाळात अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करण्याचं काम तिथे गुपचूप चालायचं. गावाभोवती कुंपण, वेशीवर चौकी, आतल्या लोकांना ऊठसूट बाहेर पडायची मुभा नाही. त्यांच्या करमणुकीसाठी हे लोक आत जाऊन गायचे. तिथे गॉस्पेलची, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांची, फर्माईश इतकी यायला लागली की फाउलरने गावाचंच नाव घेतलं: ओक रिज क्वार्टेट (क्वार्टेट म्हणजे चौघांचा ग्रुप). १९४५ पर्यंत ते नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या (तिथल्या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या) नामांकित रेडिओ कार्यक्रमात पोचले होते.

१९४९ मध्ये फाउलर सोडून बाकीचे सगळे वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःचा ग्रुप काढला. दुसरा कोणी असता तर दुकान बंद केलं असतं. फाउलरने कॅल्व्हरी क्वार्टेट नावाचा आयता ग्रुप नोकरीवर घेतला आणि त्यालाच ओक रिज क्वार्टेट म्हणून उभं केलं! म्हणजे सहा वर्षांच्या आतच गळे नवे आणि नाव जुनं, अशी अवस्था. पुढे १९५७ मध्ये फाउलरवर ग्रुपमधल्या स्मिटी गॅटलिनची देणी झाली होती. ती माफ करण्याच्या बदल्यात त्याने नावाचे हक्क गॅटलिनला देऊन टाकले. तेव्हा ‘१९४३ पासून’ ही परंपरा गुरु-शिष्याची वगैरे समजू नका, ती कर्जफेडीतून हातबदल झालेली आहे. मला यात वावगं काही वाटत नाही. सदर्न गॉस्पेलच्या धंद्यात ग्रुपच्या नावावरच पुढच्या तारखा मिळायच्या, त्यामुळे नाव मोडीत काढणं कोणालाच परवडत नसे. ‘क्वार्टेट’ जुनाट वाटतं म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘बॉइज’ आलं. आज या बॉइजपैकी तिघांनी ऐंशी पार केली आहे, तो भाग वेगळा.

पुढची दहाएक वर्षं भराभर सांगतो. अलाबामाचा विल्यम ली गोल्डन हा या ग्रुपचा चाहता. त्याला वाटायचं की यांचा त्या वेळचा बॅरिटोन (मधल्या आवाजाचा गायक) बाकीच्यांत मिसळत नाही, आपण ते जास्त चांगलं करू. हे त्याने त्यांना सांगितलंसुद्धा, आणि १९६५ मध्ये जागा मिळवली. १९६६ मध्ये गॅटलिन चर्चमधलं संगीत सांभाळायला गेला, तेव्हा गोल्डनच्या शिफारशीने टेक्ससचा ड्वेन ॲलन लीड (मुख्य चाल गाणारा) गायक म्हणून आला. बेसच्या (सर्वांत खालच्या आवाजाच्या) जागी हर्मन हार्पर जाऊन नोएल फॉक्स आला. टेनर होता विली विन.

१९७२ मध्ये फॉक्स गेला आणि रिचर्ड स्टरबन आला. हा आला कुठून ते बघा. जे. डी. समनरच्या स्टॅम्प्स क्वार्टेटमधून, आणि स्टॅम्प्स त्या वेळी एल्व्हिस प्रेस्लीच्या मागे गात होते. एल्व्हिसचा मंच सोडून एका धडपडणाऱ्या गॉस्पेल ग्रुपात येणं म्हणजे लोकांच्या दृष्टीने वेडेपणा होता. वर्षभरात टेनर विली विन बाहेर पडला आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये फिलाडेल्फियाचा जो बॉन्सॉल आला. स्टरबन आणि बॉन्सॉल आधी कीस्टोन्स या ग्रुपात एकत्र गात होते. हा तपशील लोक विसरतात. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आवाज एकमेकांच्या सवयीचे होते, आणि ॲलन-गोल्डन ही मधली जोडी सात वर्षं मुरलेली होती. दोन तयार जोड्या एकत्र आल्या, म्हणून चौघांना एकजीव व्हायला वेळ लागला नाही.

एक गंमत. ॲलन आणि स्टरबन दोघांचा जन्म एप्रिल १९४३ चा, अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने. म्हणजे निदान दोघांच्या बाबतीत तरी ते साल खरं आहे!

आता ‘एक माणूस बदलला तर काय होतं’ याकडे येऊ. चार जागा असतात. लीड मूळ चाल गातो, टेनर त्याच्या वर, बॅरिटोन चालीच्या आसपास राहून मधली पोकळी भरतो, आणि बेस तळाशी. नवख्या कानाला टेनर आणि बेस लगेच कळतात. ‘एल्व्हायरा’ घ्या. हे गाणं डॅलस फ्रेझरने १९६० च्या दशकात लिहिलेलं. ईस्ट नॅशव्हिलमधल्या एका रस्त्याच्या पाटीवरून त्याला नाव सुचलं. यांनी ते १९८१ मध्ये केलं. कडवी बॉन्सॉल गातो, धृपदावर चौघं येतात आणि मग सगळे थांबून स्टरबनला वाट देतात: ‘ऊम पापा ऊम पापा’. लोक तेवढ्यासाठी तिकीट काढायचे. कंट्रीच्या यादीत ते पहिलं आलं आणि पॉपच्या यादीत पाचवं. पण धृपद हेडफोन लावून ऐका आणि टेनर-बेस सोडून मधला आवाज पकडायचा प्रयत्न करा. आधी सापडणारच नाही. सापडला की लक्षात येतं, तो काढला तर वरचे दोघे आणि खालचा यांच्यात भगदाड पडेल. तो गोल्डन.

आणि नेमका तोच १९८७ मध्ये गेला. गेला म्हणजे बाकीच्या तिघांनी त्याला काढला. तोपर्यंत दाढी-केस छातीपर्यंत, अंगात हरणाच्या कातड्याचे कपडे, असा तो डोंगरातला माणूस झाला होता आणि बाकीचे सूटबूट. कारण फक्त दाढी नव्हती, गाण्याबद्दलचे आणि वैयक्तिक मतभेदही होते. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाबाहेर मिटलं. त्याच्या जागी आला स्टीव्ह सँडर्स, त्यांच्याच बँडमधला ऱ्हिदम गिटारवाला. लहानपणी हा गॉस्पेलमधला बालगायक म्हणून गाजलेला. म्हणजे बाहेरून कोणी आणला नाही, मागच्या रांगेतला माणूस पुढे आला.

बरेच चाहते सँडर्सची वर्षं वगळून पुढे जातात. माझ्या मते हा अन्याय आहे. गायक म्हणून तो गोल्डनपेक्षा सरस होता. १९८८ मधलं ‘गॉना टेक अ लॉट ऑफ रिव्हर’ त्याने गायलंय, आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. आवाज मोकळा, थोडा सोल संगीताकडे झुकणारा. पण चौघं एकत्र आले की फरक कळतो. गोल्डनचा आवाज जाड, किंचित खरखरीत, तो इतरांच्या आवाजांखाली सरकून बसतो. सँडर्सचा आवाज स्वतःचं अस्तित्व सोडत नाही. एकट्याचं गाणं छान झालं, चौघांचा एक आवाज थोडा सुटला. बॅरिटोनची जागा अशी विचित्र आहे की तिथे जास्त चांगला गायक कधीकधी कमी उपयोगाचा ठरतो.

१९९५ च्या अखेरीस सँडर्सने ग्रुप सोडला आणि ३१ डिसेंबरला गोल्डन परत आला. कोर्टकचेरी झालेल्या माणसांनी पुन्हा शेजारी उभं राहून गायचं, हे सोपं नसतं. सँडर्सचं १९९८ मध्ये निधन झालं. त्यानंतर चौघं तसेच राहिले, थेट २०२३ पर्यंत. २०१५ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते याच चौघांना. डिसेंबर २०१८ मध्ये थोरल्या बुश यांच्या ह्यूस्टनमधल्या अंत्यविधीत ‘अमेझिंग ग्रेस’ गाणारेही हेच. बुश त्यांचे जुने चाहते होते.

तुम्ही व्हिडिओत पाहिलेला तरुण म्हणजे बेन जेम्स. बॉन्सॉलला एएलएस हा मज्जातंतूंचा आजार झाला होता. पाय साथ देईनात, तरी तो बराच काळ बसून गात राहिला. जानेवारी २०२४ मध्ये त्याने दौरे थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि ९ जुलै २०२४ रोजी तो गेला. बेन जेम्स ब्लूग्रास या कंट्रीच्या जवळच्या संगीतप्रकारातून आलाय, डॉइल लॉसन यांच्या क्विकसिल्व्हरमध्ये आणि डेली अँड व्हिन्सेंटबरोबर गायलेला. ब्लूग्रासमध्ये उंच टेनर हा रोजचा रियाज, त्यामुळे स्वरांची अडचण त्याला नाही. बॉन्सॉलची मंचावरची धावपळ आणि मस्करी त्याने उचललेली नाही, आणि ते बरंच केलं. नक्कल करायला गेला असता तर पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी तुलना करून त्याला झोपवलं असतं.

कोणी म्हणेल, असा माणूस बदलून चालवण्यापेक्षा बंद करावं. स्टॅटलर ब्रदर्स या तशाच चौघांच्या कंट्री ग्रुपचं उदाहरण इथे उपयोगी आहे. १९८२ मध्ये लू डेविट क्रोन्स या आतड्यांच्या आजारामुळे बाहेर पडला आणि जिमी फॉर्च्यून आला. नवीन आलेल्या या माणसाने ‘एलिझाबेथ’ लिहिलं आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. चौघांचा ग्रुप असेल तर एका बदलाने तो संपत नाही. दोन-तीन एकदम बदलले की मग नुसतं नाव उरतं, १९४९ मध्ये फाउलरचं झालं तसं.

ऐकायला सुरुवात कुठून करायची हेही विचारलंत. ‘एल्व्हायरा’ शेवटी ठेवा. आधी १९७७ चं ‘यॉल कम बॅक सलून’ ऐका, ॲलनचा लीड आणि गॉस्पेलमधून कंट्रीकडे वळतानाची हिंमत दोन्ही त्यात आहे. मग ‘ट्राइंग टू लव्ह टू विमेन’, हे गोल्डनचं. लगेच त्यावर ‘गॉना टेक अ लॉट ऑफ रिव्हर’ लावा, बॅरिटोनच्या जागेवरची दोन माणसं एकापाठोपाठ ऐकू येतील. बेन जेम्ससाठी २०२४ चा ‘मामाज बॉइज’ अल्बम आहे. तो शक्यतो मोठ्या स्पीकरवर ऐका, फोनच्या स्पीकरवर स्टरबन निम्मा गायब होतो.