सोशल मीडियामुळे एखाद्या स्थानिक आंदोलनाकडे जगाचं लक्ष नेमकं कसं जातं?

नुसता हॅशटॅग चालला म्हणून जगाने दखल घेतली, असं क्वचितच होतं. मधे बातमीदार लागतोच. ट्युनिशियातल्या सिदी बूझिदमध्ये १७ डिसेंबर २०१० रोजी एका फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतरच्या निदर्शनांचं चित्रण फेसबुकवर आलं, तिथून अल जझीरा या वृत्तवाहिनीने उचललं आणि ज्यांचं फेसबुकवर खातंही नव्हतं अशा ट्युनिशियातल्याच घरांत ते टीव्हीवरून पोचलं.

म्हणून चित्रण करतानाच ते पडताळणाऱ्याचा विचार करावा. त्याचे प्रश्न ठरलेले असतात: कुठलं, कधीचं, कुणी काढलं? आधी लांबून परिसर घ्या, त्यात दुकानाची पाटी, मनोरा, चौक असं काही ओळखू येणारं हवं. मग जवळ जा. प्रत्येक दृश्य दहा सेकंद तरी स्थिर धरा. तारीख, वेळ, ठिकाण तोंडाने बोला. वरून संगीत घालू नका, घोषणांचा मूळ आवाज हाही पुरावाच असतो. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो आणि फाइलमधली (कधी, कुठे काढला अशी) बरीचशी माहिती गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मात्र त्याच माहितीवरून काढणाऱ्याचा माग लागू शकतो. तेव्हा मूळ फाइल फक्त विश्वासातल्या पत्रकाराला द्यायची आणि जाहीर प्रतीत चेहरे धूसर करायचे. आणखी एक प्रत स्वतःकडे असू द्या. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेने सीरियातल्या युद्धाचे कितीतरी व्हिडिओ काढून टाकले होते.

सोबत दोन ओळी इंग्रजीत: मागणी काय, कुणाकडे, आज काय घडलं. परदेशात राहणारे आपल्याच भागातले लोक हे काम उत्तम करतात. जुना व्हिडिओ 'आजचा' म्हणून एकदा जरी गेला, तर पुढचे खरे व्हिडिओही संशयाने पाहिले जातात.

हॅशटॅग एकच ठेवा आणि त्यात कामाचंच टाका. २ जून २०२० रोजी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' आंदोलनाला पाठिंबा म्हणून असंख्य लोकांनी इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकले. अनेकांनी त्यांना आंदोलनाचाच हॅशटॅग लावला आणि त्याखालची उपयोगी माहिती दबून गेली. हेतू चांगला, परिणाम उलटा.

प्रसिद्ध व्यक्तीचं ट्वीट मिळालं तर वेग वाढतो, पण त्याची किंमत असते. २ फेब्रुवारी २०२१ रोजी पॉप गायिका रिहानाने भारतातल्या शेतकरी आंदोलनावर ट्वीट केलं, तेही इंटरनेटबंदीची सीएनएनची बातमी जोडून. म्हणजे बातमी आधी, ट्वीट नंतर! दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने निवेदन काढलं आणि चर्चेचा बराचसा भाग कृषी कायद्यांवरून परकीय हस्तक्षेपाकडे सरकला.

इंटरनेट बंद होईल हे धरूनच चाला. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तने ते तोडलं, तेव्हा गूगल आणि ट्विटरने फोनवरून निरोप नोंदवायची सोय केली होती. दर वेळी कुणी अशी सोय करून देईलच असं नाही. खात्याचा पासवर्ड शहराबाहेरच्या एका भरवशाच्या माणसाकडे आधीच द्या आणि साध्या फोनवरून त्याला काय कळवायचं तेही ठरवून ठेवा.