चुडा गायब, केसांना हिरवी कड

प्रश्न : निपाणीत आमच्या केबल चॅनेलचा १२ फूट खोलीचा स्टुडिओ आहे. मागे हिरवा पडदा लावून सॉफ्टवेअरने तो हिरवा रंग पुसतो आणि तिथे दुसरं चित्र बसवतो. पण त्या पडद्यापुढे निवेदिकेच्या केसांना हिरवी कड येते, हातातला हिरवा चुडा तर दिसतच नाही. काय करावं?

उत्तर : कड येते ती पडद्यावरून परतणाऱ्या हिरव्या उजेडामुळे. ताईंना पडद्यापासून निदान ६ फूट पुढे बसवा. पडद्याचे दिवे वेगळे ठेवा, दोन्ही बाजूंनी तिरपे, आणि फार प्रखर नकोत; पडदा जितका झगझगीत तितकी कड जास्त. उजेड मात्र सगळीकडे सारखा हवा. कापड ताणून बांधा, कारण चुणीची सावली म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी वेगळाच रंग. कॅमेऱ्याचा गेन (चित्र कृत्रिमरीत्या उजळ करणारी सेटिंग) वाढवू नका, चित्रात दाणे आले की केसांची कड फाटते. शक्य असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये रंग साठवण्याची पद्धत ४:२:० ऐवजी ४:२:२ ठेवून रेकॉर्ड करा. रंगाची माहिती दुप्पट मिळते. एवढं करूनही उरलेली कड सॉफ्टवेअरमधल्या स्पिल सप्रेशनने, म्हणजे सांडलेला हिरवा रंग दाबणाऱ्या सोयीने, जाईल.

चुड्याचं म्हणाल, तर तोही हिरवा म्हणून सॉफ्टवेअर पडद्याबरोबर पुसून टाकतं; पण तो काढायला कुणालाही सांगू नये. हिरवी इरकल नेसून पाहुण्या येणारच. त्या दिवसापुरता निळा पडदा लावा. निळ्याला उजेड थोडा जास्त लागतो, आणि निळे काठ तेवढे टाळायचे.