उपवनची संध्याकाळ, जपानी प्रिंटसारखी

उपवनची संध्याकाळ वॉटरकलरमध्ये करायचीय ना, अरे पहिल्यांदा रंग काढूच नकोस, ठाण्याच्या उपवन तलावावर साडेसहाला जाऊन बस आणि नुसतं बघ. मागे येऊरचा डोंगर, सूर्य त्याच्या पाठी गेला की सगळी झाडं एकच गडद आकार होतात, पान न् पान दिसत नाही, आणि तेच हवंय आपल्याला.

हिरोशिगे (१७९७-१८५८) आणि हासुई कावासे (१८८३-१९५७) या जपानी चित्रकारांचे लाकडी ठशांचे प्रिंट्स झूम करून बघ. आकाशात वर गडद निळी पट्टी आणि खाली येता येता ती विरत जाते, त्याला बोकाशी म्हणतात, ते लोक लाकडी ठसा ओला करून त्यावर रंग पसरवायचे. आपण वॉटरकलरमध्ये ते असं करायचं: ३०० जीएसएमचा म्हणजे जाड पेपर बोर्डला टेप लावून चिकटव, आकाशाचा भाग स्वच्छ पाण्याने ओला कर, वरून प्रशियन ब्लूचा भरलेला ब्रश आडवा फिरव आणि बोर्ड थोडा तिरका धर, रंग आपोआप उतरतो. मध्ये परत ब्रश घालू नकोस प्लीज, सगळ्यात जास्त चित्रं तिथेच बिघडतात, माझी तर दोन वर्षं बिघडली. पूर्ण वाळू दे, मग दुसरा थर.

पाण्यात आकाश उलटं पडतं, म्हणजे पलीकडचा काठ उजळ आणि आपल्या पायाशी गडद. दिव्यांच्या जागा पेन्सिलने हलक्या आखून कोऱ्या सोड, शेवटी तिथे पातळ पिवळा. काळा रंग नको हं, डोंगरालासुद्धा निळ्यात थोडा बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) घाल.

पहिले चार-पाच पोस्टकार्डएवढेच कर.