पोलंडच्या रंगभूमीवरील आणि चित्रपटांतील सर्वांत मोठे नट कोण? कोणाचे काम आधी पाहावे?

पोलंडमध्ये आजवर होऊन गेलेल्या नटांपैकी सर्वांत मोठे कोण आणि मराठी प्रेक्षकाने कोठून आरंभ करावा, एवढेच तुम्ही विचारले असते तर मी पाच-सहा नावे देऊन मोकळा झालो असतो. परंतु खुलाशात तुम्ही ‘भूमिका अक्षरशः जगणारे, स्वतःचे दुःख रंगमंचावर ओतणारे नट सांगावेत’ असे लिहिले आहे, आणि त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहावयास बसलो आहे. माझे मत आधीच सांगतो. सर्वांत मोठा नट रिशार्ड चेश्लाक, आणि ज्या भूमिकेने तो मोठा ठरला तीत त्याने स्वतःचे दुःख मुळीच ओतले नव्हते.

इतर नावे घेतल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल, म्हणून ती घेतो. व्होयचेख बोगुस्वाव्स्की याला पोलिश रंगभूमीचा जनक म्हणतात. नट, लेखक आणि व्यवस्थापक अशा तिन्ही नात्यांनी त्याने वॉर्साचे राष्ट्रीय नाट्यगृह उभे ठेवले, आणि 1794 मध्ये उठावाच्या तोंडावर त्याने केलेला संगीत प्रयोग तीन खेळांनंतर बंद पाडण्यात आला. त्यानंतर हेलेना मोद्जेयेव्स्का. 1840 मध्ये क्राकूव्ह येथे जन्मलेली ही अभिनेत्री मायदेशी कीर्तीच्या शिखरावर असताना 1876 मध्ये अमेरिकेला गेली, कॅलिफोर्नियात शेती करून पाहिली, ती बुडाली, आणि पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे तिने परक्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत, पदार्पण केले. तिच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. एका मेजवानीत तिला पोलिश भाषेतील काही म्हणून दाखवण्याचा आग्रह झाला, तिने म्हटले, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले, आणि नंतर कळले की तिने केवळ पोलिश मुळाक्षरे म्हटली होती. ही कथा खरी असो वा रचलेली, नटाच्या कामाविषयी तीत जेवढे शहाणपण आहे तेवढे आमच्या हौशी नाट्यशिबिरांतून मला कधी मिळाले नाही.

आता माझी हकीकत. मी मूळचा कोल्हापूरचा. आम्हां कोल्हापूरकरांना पोलंड हा देश जवळच्या वळिवडे गावामुळे ऐकून ठाऊक असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती आणि माझी आजी त्या ‘पोलंडच्या बायकां’बद्दल पुष्कळ सांगत असे. पण माझा पोलंडशी खरा संबंध जुळला तो एका पडलेल्या नाटकामुळे. 1994 साली आमच्या हौशी संस्थेने राज्य नाट्य स्पर्धेसाठी महाभारतावरील एक नवे नाटक बसवले होते आणि त्यात मी धृतराष्ट्र होतो. वय तेव्हा अवघे सव्वीस. माझे वडील त्याच वर्षी पावसाळ्यात गेले होते. शेवटच्या अंकात शंभर पुत्र पडल्याची वार्ता ऐकून धृतराष्ट्राचे एक मोठे स्वगत होते, आणि ते तालमीत काही केल्या उभे राहत नव्हते. एका रात्री आमच्या दिग्दर्शकांनी, ज्यांना आम्ही नुसते ‘सर’ म्हणत असू, सर्वांना बाहेर जाण्यास सांगितले, दिवे मालवले आणि मला म्हणाले, “बाबांची शेवटची रात्र आठव. काय काय झाले ते मला सांग, आणि सांगत असतानाच स्वगताला सुरुवात कर.”

मी सांगितले. वडिलांनी दोनदा पाणी मागितले होते आणि डॉक्टरांनी मनाई केल्यामुळे मी ओला कापूस त्यांच्या ओठांवरून फिरवला होता. तिसऱ्यांदा त्यांनी पाणी न मागता नुसते माझ्याकडे पाहिले होते. ही गोष्ट मी आईलाही सांगितली नव्हती. ती सांगत सांगत मी स्वगत म्हटले, आणि ते असे उभे राहिले की दाराआडून ऐकणारी मंडळी रडू लागली. सरांनी पाठीवर थाप मारली. रंगीत तालमीलाही तसेच झाले. माझ्या मनात मात्र तेव्हाच एक बारीक शंका आली होती, कारण दुसऱ्या वेळी तो ओला कापूस मला पूर्वीइतका स्पष्ट दिसला नव्हता आणि तो दिसावा म्हणून मी धडपडत होतो.

स्पर्धेच्या रात्री ती आठवण प्रथम आलीच नाही. स्वगताची पहिली चार वाक्ये मी कोरडीच म्हटली, आतून सारखा शोधत राहिलो, आणि पाचव्या वाक्यावर ती आली ती माझे काही न ऐकता आली. कंठ दाटला म्हणणे सौम्य होईल. मला शब्दच राहिले नाहीत. विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य देत होता आणि ते मला ऐकू येत होते, पण ते वाक्य माझे आहे हे कळत नव्हते. गांधारीचे काम करणाऱ्या आमच्या सहकारी बाईंनी, डोळ्यांवर पट्टी असताना, माझी दोन वाक्ये स्वतःच्या तोंडी घेऊन प्रवेश कसाबसा संपवला आणि पडदा पडला. रंगपटात सर आले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, “एवढे खरे दुःख हाताशी असून ज्याला ते वापरता येत नाही, तो नट कसला?” त्यानंतर मी तोंडाला रंग लावला नाही. त्याचे फारसे दुःख नाही, माझ्यामुळे रंगभूमीचे काही अडले नाही. दुःख याचे आहे की आज तीस वर्षांनंतरही वडिलांची ती रात्र आठवू लागलो की मध्येच प्रॉम्प्टरची कुजबूज ऐकू येते आणि डोळ्यांवर प्रकाशझोत येतो. ती रात्र मी एका स्वगतासाठी उसनी दिली आणि ती मला धड परत मिळाली नाही.

2014 मध्ये नोकरीच्या निमित्ताने मी व्रोत्स्वाव येथे अकरा महिने राहिलो. या शहराच्या मुख्य चौकात, जुन्या नगरभवनाला लागून असलेल्या घरांच्या दाटीत दिग्दर्शक येझी ग्रोतोव्स्की याच्या प्रयोगशाळा-नाट्यगृहाची जागा आहे. नाट्यप्रेमी मराठी वाचकाला ग्रोतोव्स्की कोण हे सांगावयास नको. मात्र त्याने 1960 मध्ये ओपोले येथे कालिदासाचे ‘शाकुंतल’ केले होते, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. मला तेथे नेले ते कार्यालयातील एका ज्येष्ठ पोलिश सहकारी बाईंनी, आणि 1965 च्या ‘अविचल राजपुत्र’ या प्रयोगाचे जे जुने कृष्णधवल चित्रण उपलब्ध आहे तेही त्यांनीच शेजारी बसून मला दाखवले. मूळ नाटक स्पॅनिश नाटककार काल्देरोनचे, पोलिश रूप कवी यूलिउश स्वोवात्स्कीचे. राजपुत्र शत्रूच्या कैदेत आहे, त्याचा छळ होतो आणि त्यात तो मरतो, एवढेच कथानक. जेमतेम तीस-चाळीस प्रेक्षक लाकडी कुंपणाच्या वरून खाली वाकून पाहत, जणू एखादी शस्त्रक्रिया पाहावी तसे. खाली कमरेला पांढरे वस्त्र गुंडाळलेला चेश्लाक. त्याची स्वगते इतक्या वेगाने येतात की पोलिश माणसालाही प्रत्येक शब्द पकडता येत नाही, आणि तरीही तो शब्द टाकत आहे असे क्षणभर वाटत नाही. मी ते पाहून सहज म्हणालो, या माणसाने आयुष्यात काय काय भोगले असेल! त्यावर त्या बाई हसल्या आणि त्यांनी मला जे सांगितले त्यासाठी हे सारे लिहिणे आहे.

ग्रोतोव्स्कीने अनेक महिने चेश्लाकशी एकट्याशी, इतर नटांना दूर ठेवून, या भूमिकेवर काम केले. त्या कामाचा पाया छळाचा, तुरुंगाचा किंवा मरणाचा नव्हता. तो पाया होता चेश्लाकच्या पौगंडावस्थेतील पहिल्या प्रेमाच्या एका आठवणीचा, म्हणजे त्याच्या आयुष्यातील अत्यंत उजळ प्रसंगाचा. त्या प्रसंगातील शरीराच्या बारीक बारीक हालचाली त्यांनी शोधल्या, निश्चित केल्या आणि त्यांवर हुतात्म्याच्या छळाचा संवाद बसवला. प्रेक्षकाला वेदना दिसली. नट एका आनंदाच्या वाटेने चालत होता. ही गोष्ट ग्रोतोव्स्कीने 1990 मध्ये, चेश्लाकच्या मृत्यूनंतर पॅरिस येथे भरलेल्या स्मरणसभेत सांगितली. दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. जे चित्रण आपण पाहतो त्यातील दृश्य एका प्रयोगाचे आहे आणि आवाज दुसऱ्या प्रयोगाचा. पुढे ते दोन्ही एकत्र आणले तेव्हा ते एकमेकांवर चपखल बसले. ज्याला लोक अंगात येणे समजत होते ते इतके मोजलेले होते.

त्या रात्री घरी जाऊन मी पीटर ब्रुकच्या ‘महाभारत’ या चित्रपटाची श्रेयनामावली पाहिली, कारण चेश्लाकचे नाव मला तेथे वाचल्यासारखे वाटत होते. धृतराष्ट्र: रिशार्ड चेश्लाक. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. नंतर तो चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा मला रडू आले नाही. मी त्याच्या थांबण्याच्या जागा मोजत होतो. त्याच चित्रपटातील युधिष्ठिरही पोलिशच आहे, आंद्जेई सेवेरिन, ज्याला पुढे पॅरिसच्या कोमेदी फ्रान्सेझसारख्या फ्रेंच भाषेच्या बालेकिल्ल्यात स्थान मिळाले. मराठी प्रेक्षकाला ओळखीच्या दाराने आत शिरावयाचे असेल तर हे दार आहे.

‘दुःख ओतणे’ हाच निकष धरायचा तर इतरांचे काय होते तेही पाहा. झ्बिग्न्येव त्सिबुल्स्की हा पोलिश चित्रपटाचा सर्वांत लाडका नट, आणि आंद्जेई वाय्दाच्या 1958 च्या ‘अ‍ॅशेस अँड डायमंड्स’मधील त्याचा माचेक कोणी विसरत नाही. कथा 1945 च्या मे महिन्यातील, पण तो 1958 च्या तरुणासारखा जाकीट आणि काळा चष्मा घालून वावरतो. मेलेल्या सोबत्यांची नावे घेत मद्याचे पेले पेटवले जातात त्या प्रसंगात तो टिपे गाळत नाही, आणि म्हणूनच आपल्याला ते पेले जड जातात. 8 जानेवारी 1967 रोजी पहाटे व्रोत्स्वाव स्थानकात सुटलेली गाडी पकडताना तो खाली पडला आणि गेला, वय एकोणचाळीस. तिसऱ्या फलाटावर त्याच्या नावाची पाटी आहे. मी ती पाहिली, लोक तिच्यावरून बॅगा ओढत जातात. गुस्ताव होलोउबेक याने 1967 मध्ये वॉर्साच्या राष्ट्रीय नाट्यगृहात कवी मित्सकिएविचच्या ‘पितर’ या नाटकात जे काम केले ते सरकारला इतके झोंबले की 30 जानेवारी 1968 नंतर प्रयोग बंद करण्यात आले आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. तादेउश वोम्नित्स्की तर 1992 मध्ये पोझ्नान येथे ‘किंग लिअर’च्या तालमीतच गेला. क्रिस्तिना यांदा हिचे ‘इंटरोगेशन’ 1982 मध्ये तयार होऊन 1989 पर्यंत अडकून पडले आणि 1990 मध्ये त्यासाठीच तिला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. येझी श्टुरविषयी मी येथे लिहीत नाही. त्याचे ‘कॅमेरा बफ’ पाहा, त्याला शिफारसपत्राची गरज नाही.

आता काही गोष्टी माझ्याच विरुद्ध जातात, त्या सांगितल्या पाहिजेत. मला पोलिश येत नाही. कामापुरती दोनशे वाक्ये येतात. वाचिक अभिनयाविषयी माझे मत त्यामुळे अर्धेच धरावे. चेश्लाकने क्राकूव्हमध्ये कळसूत्री बाहुल्यांच्या नाट्याचे शिक्षण घेतले होते, तेव्हा शरीराची ती शिस्त एका भूमिकेपुरती आलेली नव्हती. शिवाय त्या शिस्तीने त्याचे आयुष्य सावरले असेही नाही. 1984 मध्ये प्रयोगशाळा विसर्जित झाली, त्याला दारूने ग्रासले आणि 1990 मध्ये ह्यूस्टन येथे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तो गेला. आणि सर्वांत अडचणीची गोष्ट ही की पहिल्या प्रेमाची ती हकीकत आपल्याला नटाने नव्हे, दिग्दर्शकाने सांगितलेली आहे, तीही नट गेल्यावर. नटाच्या मनात काय होते हे दिग्दर्शकाने सांगावे, हा प्रकार माझ्या परिचयाचा आहे.

सर मला सहा वर्षांपूर्वी एका लग्नात भेटले. मी त्यांना जेवणाच्या पंगतीत हे सारे सांगितले, कदाचित आवाज जरा चढवूनच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “त्या रात्री तू गप्प उभा राहिलास ना, तेवढेच आपल्या नाटकात बघण्यासारखे होते, असे एक परीक्षक मला म्हणाले होते. तुला सांगायचे राहून गेले.” मग त्यांनी जिलेबी मागवली. मला अजूनही वाटते की त्यांनी ते तेथल्या तेथे रचले. तुम्ही जर स्वतः नाटक करत असाल, आणि प्रश्नाच्या भाषेवरून करत असाल असे वाटते, तर दिग्दर्शकाने दिवे मालवून घरातील मृत्यू विचारला की पाठांतर झालेले नाही असे खोटे सांगा, पण ते दुःख घराबाहेर नेऊ नका.

पाहण्याचा क्रम विचारला आहे तर प्रथम ‘अ‍ॅशेस अँड डायमंड्स’, मग ‘कॅमेरा बफ’, मग ‘इंटरोगेशन’, आणि नंतर ब्रुकचा धृतराष्ट्र. ‘अविचल राजपुत्र’ शेवटी ठेवा. ते एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहा, आणि दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसते ऐका.