लेकराला दाणे चालत नसतील तर

ताई, अंगणवाडीत रुजू झालीस की पहिल्याच पालकसभेत प्रत्येक आईला विचार, काय खाल्ल्यावर लेकराच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते? दूध, अंडी, शेंगदाणे, तीळ, गहू अशी नावं घेऊनच विचार. नुसतं ‘काही त्रास आहे का’ म्हटलं की ‘नाही’ येतं.

आपल्या मराठवाड्यात खरी अडचण दाण्याच्या कुटाची. भाजीत, उसळीत तो मिसळला की दिसतही नाही. मदतनीसबाईंना सांग, ज्याला दाण्याची ॲलर्जी आहे त्या लेकराचं ताट आधी वाढा, पळी वेगळी ठेवा. कूट लागलेली पळी खिचडीत बुडाली तरी त्रास होऊ शकतो. वाढदिवसाची चिक्की, संक्रांतीचा तिळगूळ आईला विचारल्याशिवाय देऊ नको. आजी म्हणेल, ‘थोडं थोडं दिलं की सवय होते.’ ऐकू नको, ते डॉक्टरांचं काम.

खाल्ल्यावर आवाज बसला, श्वास घरघरला, लेकरू मलूल पडलं तर घरच्यांची वाट पाहू नको. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं, म्हणजे ॲलर्जीच्या जोरदार झटक्यावरचं, इंजेक्शन जवळ ठेवायला दिलेलं असेल तर ते लगेच मांडीत टोच, आणि १०८ला फोन. लेकराला आडवं झोपव. दम लागत असेल तर बसू दे, पण चालवू नको. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच.