करारावर सही करण्याआधी

चि.स अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या लोगन गावच्या युटा स्टेट विद्यापीठात तुला प्रवेश मिळाल्याचं तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं. मन भरून आलं. त्याच गावात मी दूधशास्त्र शिकलो. पन्नास-बावन्न हजार वस्तीच्या गावात आपला निभाव कसा लागायचा, असं तू विचारलंस, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आपण वारणेच्या खोऱ्यातली माणसं. आधी साखर कारखाना, मग कॉलेज आणि दूध संघ, आणि त्यांच्या जिवावर चालणारी बाजारपेठ आपण लहानपणापासून पाहिली आहे. उसाचं बिल जमा झालं की वारणानगरच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. लोगनमध्ये तशी गर्दी ऑगस्टअखेर होते, विद्यापीठाचं सत्र सुरू झालं की. तिथलं पीक म्हणजे विद्यार्थी, आणि आता तूही त्यातच आलास. घरमालक, सायकलवाले, खानावळी सगळे तुझ्याकडे त्याच हिशेबानं बघणार. त्यात वाईट काही नाही, पण तो हिशेब तुलाही कळायला हवा.

मला तो कळला नव्हता. पहिल्या वर्षी घाईघाईत खोलीच्या बारा महिन्यांच्या भाडेकरारावर सही केली. मे महिन्यात सत्र संपलं, दोन महिन्यांसाठी मी घरी आलो आणि रिकाम्या खोलीचं भाडं भरत बसलो. पुढच्या वर्षी मात्र उन्हाळाभर तिथेच राहिलो, आणि गावाचं दुसरं रूप पाहिलं.

विद्यार्थी गेले की ॲरिझोनाच्या उन्हाला कंटाळलेली निवृत्त मंडळी लोगनला येतात. त्यांना तिथे ‘समर सिटिझन्स’ म्हणतात. विद्यार्थ्यांच्याच रिकाम्या घरांत ते उन्हाळा काढतात, विद्यापीठात हौसेनं वर्गांना बसतात, संध्याकाळी ऑपेरा बघायला जातात. माझ्या शेजारच्या खोलीत एक जोडपं आलं होतं. आजींनी पहिल्या दिवशी काय केलं असेल, तर आधीच्या पोरांनी भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरांचे चिकटपट्टीचे डाग नखानं खरवडून काढले आणि खिडकीत जिरॅनियमची कुंडी ठेवली. ज्या खोलीत हिवाळ्यात चार पोरं नूडल्स खाऊन राहिली, ती ऑगस्टपर्यंत एक घर झाली. एकाच खोलीला वर्षात दोन पिकं घेणारं गाव आहे ते!

पण विद्यार्थी आणि पाहुणे दोघंही नसतात तेव्हाही लोगनचं खोरं उपाशी राहत नाही, ते दुधामुळे. विद्यापीठ १८८८ साली निघालं तेच शेतकी कॉलेज म्हणून. स्वित्झर्लंडहून आलेल्या एडविन गॉसनर यांनी १९६६ साली लोगनमध्ये चीजचा कारखाना काढला, तो आजही चालू आहे. त्यांच्या दुकानात ताज्या चीजचे तुकडे मिळतात, चावले की दाताखाली चुईंचुईं वाजतात. नक्की खा. विद्यापीठाच्या स्वतःच्या आइस्क्रीमच्या दुकानात विद्यार्थीच काम करतात, आणि बाहेर उणे दहा असतानाही तिथे रांग असते.

कामाचं म्हणशील, तर आपल्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, तेही विद्यापीठाच्या आवारातच. म्हणून जाऊन स्थिरस्थावर झाल्यावर बघू, असं म्हणू नकोस. पहिल्या आठवड्यातच डेअरी, ग्रंथालय, प्रयोगशाळा सगळीकडे स्वतः जाऊन विचार. विद्यापीठाच्या अवकाश प्रयोगशाळेचं नाव मोठं आहे, पण तिथली बरीच कामं अमेरिकी नागरिकांनाच मिळतात. त्यावर भिस्त ठेवू नकोस.

एका गोष्टीची काळजी मात्र मनापासून वाटते. तुला लहानपणी दम्याचा त्रास होता. जानेवारीत थंड हवा खोऱ्याच्या तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि धूर आत कोंडतो. गाड्यांचा धूर आणि गोठ्यांतल्या शेणामुताचा अमोनिया एकत्र येऊन बारीक कण तयार होतात. ज्या दुधावर खोरं जगतं, त्याचीच ही दुसरी बाजू. त्या दिवसांत धावायला जाऊ नकोस, इन्हेलर खिशात ठेव, आणि गाडी घ्यायची घाई करू नकोस. गावातल्या बसला तिकीट लागत नाही.

स्वेटर-जाकिटं इथून विकत घेऊन नेऊ नकोस. तिथे जुन्या वस्तूंच्या दुकानात चांगली मिळतात, आणि मे महिन्यात तर घरं सोडणारी पोरं टेबल-खुर्च्यासुद्धा देऊन टाकतात.

खोली बघशील तेव्हा तीनच गोष्टी विचार: करार किती महिन्यांचा, उन्हाळ्यात आपल्या जागी दुसऱ्याला ठेवता येईल का, आणि अनामत कधी व कशी परत मिळणार. उत्तरं लेखी घे. सही करण्याआधी कराराच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठव. इथे रात्रीचे दोन वाजले असले तरी पाठव, मी वाचून लगेच कळवतो.

तुझा,
काका