सोळा पूर्ण व्हायला दोन महिने कमी

प्रश्न : माझी मुलगी इंदूरला अकरावी सायन्सला आहे. शाळेबरोबर राजा रामन्ना केंद्र (इथलं लेझरवर संशोधन करणारं सरकारी केंद्र) बघून आल्यापासून तिला लेझरचा ध्यास लागलाय. उन्हाळ्यात एखाद्या प्रयोगशाळेत काम करायला मिळावं म्हणून तिने देशात-परदेशात अकरा ठिकाणी ईमेल पाठवल्या. दोनच उत्तरं आली आणि दोन्हींत ‘वय बसत नाही’ एवढंच. ती ९ ऑगस्टला सोळा पूर्ण करेल आणि कार्यक्रम जूनमध्ये सुरू होतात. घरातलेच एक जण म्हणतात, फॉर्मवर तारीख थोडी मागची टाका. मुलगी फार हिरमुसली आहे. धाकटा आठवीत आहे, तोही ताईचं बघून आत्तापासून विचारतोय. काय करावं?
— एक आई, रामबाग, इंदूर

ताई, नमस्कार.

आधी तारखेचं बोलते. ते अजिबात करू नका. दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर, पासपोर्टवर एकच तारीख आहे आणि निवड झाली की हीच कागदपत्रं मागतात. पकडलं जाण्यापेक्षाही मला दुसरी काळजी वाटते. प्रयोगशाळेत काही दुखापत झाली, तर चुकीच्या वयावर घेतलेल्या मुलीची जबाबदारी कोण घेणार? विमाही हात वर करेल.

आता तिला हे नीट समजावून सांगा, कारण तिने तो नकार मनाला लावून घेतलाय. वयाची अट हुशारी मोजायला घातलेली नसते. आपल्याकडच्या २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांत स्पष्ट म्हटलंय की अठराच्या आतल्या कोणालाही किरणोत्सर्गाच्या कामावर नेमायचं नाही आणि सोळाच्या आतल्याला प्रशिक्षणार्थी म्हणूनसुद्धा घ्यायचं नाही. वाढत्या शरीराला किरणोत्सर्गाचा धोका जास्त, म्हणून ही रेघ. बालकामगार कायद्यातही २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवायला बंदी आहे. शिवाय अठराच्या आतल्या मुलीने केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही, त्यामुळे प्रत्येक कागदावर पालकांची सही आणि संस्थेच्या डोक्याला जास्तीची जबाबदारी. एखाद्या प्राध्यापकाला मनातून घ्यायचं असलं तरी त्यांचे हात बांधलेले असतात.

परदेशातल्या कार्यक्रमांबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगते : वयाच्या आधी नागरिकत्वाची ओळ वाचा. स्टॅनफर्डच्या वैद्यकीय संशोधन कार्यक्रमाला सोळा पूर्ण लागतात, स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या सायमन्स कार्यक्रमालाही सोळा. ते वाचून तिला वाटलं असेल, दोन महिन्यांनी हुकलं. पण हे दोन्ही अमेरिकेचे नागरिक किंवा तिथले कायम रहिवासी असलेल्या मुलांसाठीच आहेत. ती वीस वर्षांची असती तरी ते दार उघडलं नसतं. हे कळलं की त्या दोन महिन्यांची टोचणी बरीच कमी होईल.

तिला खरोखर बसेल असा एक मार्ग सर्नचा, म्हणजे युरोपातल्या कणभौतिकीच्या मोठ्या प्रयोगशाळेचा आहे. ‘बीमलाइन फॉर स्कूल्स’ ही स्पर्धा सोळा आणि त्यापुढच्या शाळकरी मुलांसाठी असते, नागरिकत्वाची आडकाठी नाही. किमान पाच मुलांची टीम, बरोबर एक मोठं माणूस, बहुधा शिक्षक, आणि कणांच्या झोतावर करायच्या प्रयोगाचा स्वतः मांडलेला प्रस्ताव. जिंकणाऱ्या टीम्सना तो प्रयोग खऱ्या झोतावर करायला मिळतो. तेव्हा तिचं बारावीचं वर्ष असल्यामुळे वेळेचा हिशेब आधी घरात बसून करा, पण फिजिक्सच्या सरांशी बोलायला हरकत नाही.

भारतातल्या आयआयटी, किंवा तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून जी उन्हाळी फेलोशिप असते ती, हे सगळं कॉलेजच्या मुलांसाठी आहे. तिथून उत्तर आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नये. दोनेक वर्षांनी तीच दारं तिची आहेत. आणि हजारो रुपये घेऊन ‘संशोधनाचं सर्टिफिकेट’ देणाऱ्या जाहिराती येतील, त्यांच्या नादी लागू नका. कॉलेजात गेल्यावर प्राध्यापक विचारतात ते ‘काय मोजलंस?’ एवढंच.

म्हणून या सुट्टीत तिला घरीच मोजायला लावा. साधा लाल लेझर पॉइंटर घ्यायचा. त्याच्या तोंडासमोर एक केस उभा ताणून चिकटवायचा आणि दोन मीटरवरच्या भिंतीवर झोत पाडायचा. रात्री, दिवे घालवून. भिंतीवर एका ठिपक्याऐवजी आडवी उजेड-अंधाराची माळ दिसेल. केस सत्तर मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर मधल्या उजेडाच्या कोणत्याही एका बाजूला लागोपाठच्या दोन काळ्या जागांमध्ये साधारण पावणेदोन ते दोन सेंटिमीटर अंतर पडतं. ते पट्टीने मोजायचं, आणि लेझरची तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर भागिले हे अंतर, की आली केसाची जाडी! आजीचा केस, तुमचा, तिचा स्वतःचा, प्रत्येकाची दहा-दहा मोजमापं. आकडे दर वेळी थोडे वेगळे येतील, आणि ते का येतात हे शोधण्यातच तिची सुट्टी जाईल. झोत कोणाच्या डोळ्यात जाणार नाही एवढं मात्र कटाक्षाने बघा, आरशासमोर तर नकोच.

सगळं तारीखवार वहीत लिहायचं, चुकलेलं खोडायचं नाही. मग पुढची ईमेल लिहिताना ‘मला लेझरची फार आवड आहे’ हे वाक्य काढून टाकायचं. त्याजागी वय, इयत्ता, वहीतल्या एका पानाचा फोटो आणि अडलेला एक प्रश्न. इंटर्नशिप मागायची नाही, त्या प्रश्नावर अर्धा तास मागायचा. अर्धा तास द्यायला वयाची अट कोणी घालत नाही. देवी अहिल्या विद्यापीठाच्या किंवा होळकर सायन्स कॉलेजच्या फिजिक्स विभागापासून सुरुवात करा. एखाद्या दुपारी तुम्हीच तिला बरोबर घेऊन गेलात तर उत्तम.

आणि धाकट्याचं. इस्रोचा ‘युविका’ हा उन्हाळी कार्यक्रम नववीत शिकणाऱ्या मुलांसाठी असतो. २०१९ पासून सुरू आहे, आणि निवडीत आठवीचे मार्क धरतात. ताईची ती वेळ निघून गेली, त्याची अजून यायची आहे. यंदाची वार्षिक परीक्षा त्याला जरा मनावर घेऊन द्यायला सांगा.